हंसद्वार

भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यात डिसेंबर-जानेवारीत नावेतून फिरताना पट्टकादंबांचा थवा हमखास दिसतो. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस. रात्री काठच्या शेतांत चरायचे आणि दिवसा पाण्याकडेला चिखलात एका पायावर उभे राहून डुलक्या घ्यायच्या, असा त्याचा हिवाळ्यातला दिनक्रम. इथली उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटर. त्या सुस्तावलेल्या पक्ष्याकडे पाहून तो हिमालय ओलांडून आला आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

म्हणून मी ते सांगत असे. बरोबर आलेल्या पाहुण्यांना, शाळेच्या सहलींना, कुणालाही. माझे वाक्य ठरलेले होते : "हे हंस एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडत येतात." ते ऐकून लोक पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावत आणि मला बरे वाटे. एकदा नाव वल्हवणाऱ्या मामांनी ते ऐकले. वयाने माझ्याहून वडील, जन्म मासेमारीत गेलेला. ते सहज म्हणाले, "सर, तिकडं खिंडी न्हाईत व्हय? मग एवढं वर कशापायी चढत्याल?"

मी हसून वेळ मारून नेली, कारण उत्तर माझ्याकडे नव्हते. घरी परतताना जाणवले, की हे वाक्य प्रथम कुणी लिहिले, त्याने नेमके काय पाहिले होते, यातले काहीच मला ठाऊक नाही. मी ते वाचले होते आणि आवडले म्हणून पुढे सांगत राहिलो होतो. मामांच्या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा एका पक्ष्याची गोष्ट हाती लागलीच, पण उंचीवर प्राण्याचे शरीर काय करते हे माणसाला कसकसे उमगत गेले, याचा चारशे वर्षांचा इतिहासही हाती लागला. तोच इथे मांडतो आहे.

विरळ हवेची ओळख

उंचावर माणूस आजारी पडतो, हे डोंगरात राहणाऱ्यांना पूर्वापार माहीत होते. त्याचा दोष हवेला देणारे पहिले ठळक लेखन स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे अकोस्ता याचे. पेरूमधील पारियाकाका पर्वत ओलांडताना त्याला ओकाऱ्या होऊन मरणाची भीती वाटली. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले, की तिथली हवा इतकी सूक्ष्म आहे, की ती माणसाच्या श्वसनाला पुरत नाही. तेव्हा वायुभारमापक नव्हता. हवेला वजन असते हेही सिद्ध व्हायचे होते. १६४४ साली तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग कळवला आणि १६४८ मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने तशी नळी फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर नेऊन पाहिली. वर जावे तसा पारा खाली उतरत गेला. अकोस्ताची 'सूक्ष्म हवा' आता मोजता येऊ लागली.

शरीरावर तिचा परिणाम किती, हे पाहायला डोंगरापेक्षा जलद साधन मिळाले ते बलूनचे. ५ सप्टेंबर १८६२ रोजी जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल हे दोघे इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनहून बलूनमधून वर गेले. ग्लेशर बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात थंडीने निकामी झाले, तेव्हा त्याने झडपेची दोरी दातांत धरून ओढली आणि दोघे वाचले. ही कथा प्रसिद्ध आहे. त्या पाळण्यात सहा कबुतरेही होती, याची आठवण मात्र कमी जणांना असते. तीन मैलांवर सोडलेले पहिले कबूतर पंख पसरून कागदाच्या तुकड्यासारखे खाली गेले. चार मैलांवर सोडलेले दुसरे जोर लावून गिरक्या घेत राहिले. त्याहून वर सोडलेले तिसरे दगडासारखे कोसळले. उतरताना सोडलेले चौथे बलूनच्याच माथ्यावर जाऊन बसले. उरलेल्या दोनांपैकी एक जमिनीवर येईपर्यंत मेले होते. ग्लेशरने हे सारे नोंदवून ठेवले. पक्ष्यांसाठी उंची म्हणजे नेमके काय, याच्या पहिल्या नोंदींपैकी ही एक आहे. त्यातून निघणारा अर्थ साधा होता : पंख आहेत म्हणून कुणीही पक्षी कितीही वर जाऊ शकत नाही.

पण वर गेल्यावर मारते ते काय? दाब कमी होणे, की प्राणवायू कमी होणे? हा गुंता पॅरिसच्या पॉल बेर याने सोडवला. त्याने काचेच्या हंड्यांत चिमण्या ठेवून कधी दाब कमी केला, कधी हवेतले प्राणवायूचे प्रमाण बदलले. दाब कितीही उतरला तरी प्राणवायूचा स्वतःचा वाटा पुरेसा ठेवला, तर चिमणी तगत असे. तो वाटा घटला, की दाब नेहमीचा असूनही ती मरत असे. उंचावरच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ च असते. मात्र साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाबच निम्मा होतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तो तिसऱ्या हिश्शावर येतो. तेवढ्याच श्वासात प्राणवायू त्या हिशेबाने कमी येतो. बेरचा ग्रंथ १८७८ साली आला. त्याच्या निष्कर्षाची किंमत त्याआधीच दोघांनी मोजली होती. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' बलूनमधून तिघे आठ हजार मीटरच्या वर गेले. बरोबर नेलेला प्राणवायू पुरणार नाही, असे बेरने पत्राने कळवले होते, पण पत्र वेळेत पोहोचले नाही. क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल परतले नाहीत. गास्तों तिसांदिए तेवढा वाचला.

रक्त दाट होते, तेव्हा

बेरने कारण सांगितले. मग अँडीजमध्ये, तिबेटात पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणि जनावरे जगतात ती कशी? १८९० साली फ्रान्सुआ व्हिओ हा फ्रेंच वैद्यकाचा प्राध्यापक पेरूतील मोरोकोचा या खाणीच्या गावी गेला. गावाची उंची सुमारे साडेचार हजार मीटर. त्याने स्वतःच्या रक्तातील तांबड्या पेशी मोजल्या. तीन आठवड्यांच्या आत घन मिलिमीटरमागे सुमारे ५० लाखांवरून त्या ७० लाखांच्या वर गेल्या होत्या. प्राणवायू वाहणाऱ्या पेशीच शरीराने वाढवल्या होत्या. पुढे गिर्यारोहकांना पायथ्याच्या तळावर काही आठवडे 'सरावायला' ठेवतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

या शोधाने एक सोपे सूत्र रूढ झाले : उंचीवर राहायचे तर रक्त दाट हवे. पण तांबड्या पेशी वाढल्या की रक्त घट्ट होते आणि ते ढकलताना हृदयावर ताण येतो. पेरूचेच डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२८ साली अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांचे शरीर उंचीवर राहता राहता पेशी वाढवण्यात इतके पुढे गेले होते, की तोच आजार झाला होता. त्यावर औषध म्हणजे खाली उतरणे.

याच सुमारास जनावरांनी वेगळा मार्ग दाखवला. १९३५ साली शास्त्रज्ञांचे एक आंतरराष्ट्रीय पथक चिलीच्या अँडीजमध्ये गेले. त्यातील हॉल, डिल आणि बॅरन यांनी लामा व व्हिकुन्या या तिथल्या प्राण्यांचे रक्त तपासले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार या प्राण्यांचे हिमोग्लोबिन सखल भागातील सस्तन प्राण्यांच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायूला अधिक घट्ट धरत होते. हवा विरळ असली तरी फुप्फुसात आलेला प्राणवायू ते सोडत नव्हते. व्हिओच्या शरीराने काही आठवड्यांत हमालांची संख्या वाढवली होती. लामाच्या वंशात असंख्य पिढ्यांमध्ये हमालाची पकडच बदलली होती. सरावणे आणि जडणघडण बदलणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा भेद इथे स्पष्ट झाला.

माणसांच्या बाबतीत हा भेद उलगडायला २०१० साल उजाडले. तिबेटी लोकांमध्ये 'ईपास-वन' नावाच्या जनुकाचे एक खास रूप मोठ्या प्रमाणात आढळते, असे तेव्हा दिसून आले. त्यामुळे चार हजार मीटरवर राहूनही त्यांचे रक्त सखल भागातल्या माणसांइतकेच पातळ राहते. दाट रक्त म्हणजे उंचीवरचा विजय नव्हे, ती नवख्याची धडपड आहे, असे आता म्हणता येते.

अंधारातला आवाज

आता पट्टकादंबाकडे येऊ. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन लॅथम याने १७९० मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले तेच 'इंडिका', म्हणजे भारतातला. प्रत्यक्षात तो इथला पाहुणा. त्याची वीण लडाखच्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांवर, तिबेटच्या पठारावर, छिंगहाईत आणि मंगोलियात होते. हिवाळ्यात तो थेट तमिळनाडूपर्यंत येतो. मध्ये हिमालय आहे. म्हणजे तो ओलांडला जातो हे उघड होते. कुठून आणि कसा, हे कुणी पाहिले नव्हते.

एव्हरेस्टची गोष्ट इथे येते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील जॉर्ज लो यांनी शिखरावरून हंस जाताना पाहिले, अशी आठवण त्यांच्या नावावर सांगितली जाते. दुसरा साक्षीदार अधिक महत्त्वाचा : लॉरेन्स स्वॉन, दार्जिलिंगमध्ये जन्मलेला अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. हिमालयाच्या अतिउंच भागातील जीवसृष्टी हा त्याचा विषय. मकालूच्या पायथ्याशी बरुण हिमनदीजवळ एका थंड, निवांत रात्री त्याने डोक्यावरून जाणाऱ्या हंसांचा कलकल ऐकला. १९७० साली लिहिलेल्या लेखात त्याने हा अनुभव सांगितला आणि हे हंस शिखरांवरून जात असावेत असे सुचवले.

म्हणजे मी इतकी वर्षे सांगत असलेल्या वाक्याच्या मुळाशी एक आठवण आणि अंधारात ऐकलेला एक आवाज होता. स्वॉन खोटे बोलत नव्हता. त्याने ऐकले ते लिहिले. पण आवाज किती उंचीवरून आला हे कानाला कळत नाही आणि आवाज त्याच्या डोक्यावर होता म्हणजे शिखराच्याही वर होता असे होत नाही. पुढे हे वाक्य पुस्तकांतून पुस्तकांत गेले तसतसा त्यातला 'असावेत' गळून पडला. माझ्यापर्यंत ते 'येतात' होऊनच पोहोचले होते.

असे असले तरी या गोष्टीने एक मोठे काम केले. तिने शरीरशास्त्रज्ञांना प्रश्न दिला. १९६८ साली व्हान्स टकर याने घरचिमण्या आणि उंदीर एकाच दाबपेटीत ठेवून ६१०० मीटर उंचीइतकी विरळ हवा केली. उंदीर जवळजवळ निश्चेष्ट पडले. वजनाने साधारण तेवढीच असलेली चिमणी उडू शकत होती. मग हिमालय ओलांडणाऱ्या हंसाच्या अंगात काय असेल?

एक सुटलेली गाठ

उत्तर पहिल्यांदा शोधले गेले ते रक्तात. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन आल्फा आणि दोन बीटा. प्राणवायू धरताना आणि सोडताना रेणू आपली ठेवण बदलतो. या रेणूची त्रिमिती रचना उलगडण्यात केंब्रिजच्या मॅक्स पेरुत्झ यांचे आयुष्य गेले आणि १९६२ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी जॉन केंड्र्यू यांच्याबरोबर मिळाले. १९८२ मध्ये जर्मनीत ब्राउनिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्टकादंबाच्या हिमोग्लोबिनमधील अमिनो आम्लांचा क्रम लावला. त्याचा सखल भागातला नातलग म्हणजे कलहंस. दोघांच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक निघाले अवघे चार.

त्यांपैकी एकावर पेरुत्झ यांनी १९८३ साली बोट ठेवले. आल्फा साखळीत ११९ व्या जागी नेहमी प्रोलिन असते, पट्टकादंबात तिथे अॅलनिन आहे. अॅलनिन आकाराने लहान. त्यामुळे शेजारच्या बीटा साखळीतील ५५ व्या जागेशी असलेला स्पर्श तुटतो. प्राणवायू नसतानाच्या ठेवणीत रेणूला बांधून ठेवणारी ही एक गाठ होती. ती सुटली, की रेणू प्राणवायू धरायला अधिक राजी होतो.

१९८७ मध्ये दक्षिण अमेरिकेतून याला विलक्षण दुजोरा मिळाला. अँडीजमध्ये राहणाऱ्या हंसात ११९ वी जागा जुनीच होती, पण पलीकडची, बीटा साखळीतली ५५ वी जागा बदललेली होती. दोन खंडांतील दोन पक्ष्यांनी एकच गाठ दोन वेगळ्या टोकांनी सोडली होती. १९९१ मध्ये येसेन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये हेच बदल प्रयोगशाळेत घडवून पाहिले. दोन्ही वेळा त्याची प्राणवायूवरची पकड वाढली.

विज्ञानाच्या इतिहासात इतके नेटके उदाहरण क्वचित सापडते. त्यामुळेच की काय, 'हंसाचे रहस्य सापडले' असे वाटून गेले. मीही एके काळी व्याख्यानात ते असेच सांगितले आहे : एक अमिनो आम्ल बदलले आणि पक्षी एव्हरेस्टवर गेला. दोन्ही अर्धी वाक्ये एकमेकांना शोभत होती.

साखळीच्या साऱ्या कड्या

थोडा विचार केला तरी यातली अडचण दिसते. हिमोग्लोबिनने प्राणवायू घट्ट धरला तर तो स्नायूत सोडणार कसा? वर घेणे सोपे झाले तर खाली देणे अवघड होते. एकट्या रक्तातल्या बदलाने काम भागणार नाही. हवेपासून पंखाच्या स्नायूपर्यंत प्राणवायूचा जो प्रवास होतो, त्यातली प्रत्येक कडी तपासावी लागेल.

पहिली कडी फुप्फुसाची. ती सर्वच पक्ष्यांची कमाई आहे. अठराव्या शतकात जॉन हंटर याने दाखवले होते, की पक्ष्याच्या पंखाचे पोकळ हाड उघडले, तर श्वासनलिका बंद असतानाही तो त्या हाडातून श्वास घेऊ शकतो. पक्ष्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात, त्या थेट हाडांपर्यंत जातात. त्यांचा उपयोग १९७० च्या आसपास क्नुट श्मिट-निल्सन आणि इतरांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाला. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने येते त्याच वाटेने परत जाते, त्यामुळे ताजी हवा शिळ्या हवेत मिसळते. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. या जोडीला पट्टकादंब विरळ हवेत अधिक खोल श्वास घेतो. एवढा जोराचा श्वास माणसाने घेतला तर रक्तातील कर्बवायू उतरून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भोवळ येते. पक्ष्यांच्या मेंदूला तो त्रास होत नाही.

दुसरी कडी रक्ताची. १९८० मध्ये ब्लॅक आणि टेनी यांनी पट्टकादंब आणि पाळीव पेकिंग बदक यांना चार आठवडे ५६४० मीटर उंचीइतक्या विरळ हवेत ठेवले. बदकाचे रक्त दाट झाले, व्हिओचे झाले होते तसेच. हंसाचे झाले नाही. तिबेटी माणसाप्रमाणे त्यालाही त्याची गरज पडली नाही.

तिसरी कडी स्नायूची. २००९ मध्ये ग्रॅहॅम स्कॉट आणि सहकाऱ्यांनी पट्टकादंबाच्या उड्डाणाच्या स्नायूंची इतर पाणपक्ष्यांशी तुलना केली. हंसाच्या स्नायूत केशवाहिन्यांचे जाळे अधिक दाट होते. पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे जिथे प्राणवायू खर्ची पडून ऊर्जा तयार होते ते भाग, पेशीच्या कडेला केशवाहिन्यांजवळ सरकलेले होते. रक्ताने घट्ट धरलेला प्राणवायू सोडवून घ्यायचे अंतरच कमी झाले होते. वरच्या कडीने निर्माण केलेली अडचण खालच्या कडीने सोडवली होती.

हे वाचताना मला 'रहस्य' या शब्दाचा संकोच वाटू लागला. इथे एक किल्ली नाही. फुप्फुस, हृदय, रक्त, केशवाहिन्या, पेशी अशा सगळ्यांत थोडा थोडा बदल आहे आणि एकाचा बदल दुसऱ्याशिवाय निरुपयोगी आहे.

पाठीवरचे यंत्र

इतके झाले तरी मामांचा प्रश्न तसाच होता. शरीर काय करू शकते हे कळले. पक्षी प्रत्यक्षात काय करतो? त्याचे उत्तर एका साथीमुळे जवळ आले. २००५ साली छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब पुष्कळ होते. रोग कोणत्या वाटेने फिरतो हे कळणे निकडीचे झाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसह अनेक संस्थांनी हंसांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रे बसवली.

ब्रिटनच्या बँगर विद्यापीठातील चार्ल्स बिशप, ल्युसी हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माहितीचा अभ्यास केला. २०११ साली त्यांनी दाखवले, की भारतातून उत्तरेकडे निघालेले हंस सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटर चढून एका दिवसात हिमालय पार करतात. दुपारी डोंगराच्या उतारावरून वर वाहणारा वारा त्यांना फुकट उचलून नेऊ शकला असता. ते तो टाळतात आणि रात्री किंवा पहाटे निघतात. रात्रीची हवा निवांत असते, थंडीने दाटही असते. पंखाला तिचा आधार अधिक मिळतो.

२०१३ चा निबंध मामांनी लिहिल्यासारखा आहे. ९१ हंसांच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की ते सहसा दऱ्याखोऱ्यांतून जातात, शिखरांवरून नव्हे. नोंदलेली कमाल उंची ७२९० मीटर. पण शेकडा ९५ नोंदी ५४८९ मीटरच्या खालच्या. सरळ रेषेपेक्षा त्यांची वाट ११२ किलोमीटर लांब पडत होती. खालची जमीन जेवढे वर जायला लावील तेवढेच ते वर जात. एव्हरेस्टची उंची ८८४८ मीटर आहे. त्या माथ्यावरून एकही हंस गेलेला या नोंदींत नाही.

मंगोलियातील काही हंसांच्या शरीरात बसवलेल्या यंत्रांनी याचे कारणही सांगितले. २०१५ साली बिशप आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की विरळ हवेत पंख जरा जलद मारावे लागले तरी हृदयाचे ठोके झपाट्याने वाढतात. म्हणून एकदा कमावलेली उंची टिकवत सरळ जाण्यापेक्षा दरी आली की खाली उतरणे आणि पुढचा डोंगर आला की पुन्हा चढणे स्वस्त पडते. हंस जमिनीच्या चढउताराला चिकटून जातात.

मग गरज पडली तर एव्हरेस्टच्या उंचीवर तो उडू शकेल का? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जेसिका मेअर यांनी अंड्यातून बाहेर पडल्यापासून हंसांची पिल्ले सांभाळली. ती त्यांनाच आई समजून मागे मागे उडत. मोठी झाल्यावर त्यांना वाऱ्याच्या बोगद्यात, चोचीवर मुखवटा लावून उडायला शिकवले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्राणवायू शेकडा ७ वर, म्हणजे सुमारे नऊ हजार मीटरइतक्या हवेवर आणला, तेव्हाही काही हंस थोडा वेळ उडाले. पंखांची गती तीच राहिली. शरीराचा प्राणवायूचा खर्च मात्र उतरला आणि परतीच्या रक्ताचे तापमान दोन अंशांहून अधिक घटले. थंड रक्त फुप्फुसात अधिक प्राणवायू उचलते. हा निबंध आला त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१९ मध्ये, मेअर स्वतः अंतराळवीर म्हणून अंतराळ स्थानकावर गेल्या.

म्हणजे अंगात थोडी ताकद शिल्लक आहे. हंस ती उधळत नाही.

दार

शेवटी एक जुनी नोंद. डच विद्वान फोगेल यांचा भारतीय साहित्य आणि कलेतील हंसावरचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या परंपरेतला हंस हा पाश्चात्त्य कवितेतला 'स्वान' नसून 'गूज' वर्गातला, मुख्यतः पट्टकादंबासारखा पक्षी आहे, हे त्यांनी त्यात मांडले. आपल्या चित्रांत, छापील पुस्तकांत आणि सरस्वतीच्या तसबिरींत शिरलेला लांब मानेचा पांढरा पक्षी मग परका ठरतो आणि भिगवणच्या चिखलात उभा असलेला राखी पक्षी घरचा.

हे वाचल्यावर मी 'मेघदूत' पुन्हा उघडले. मेघाला उत्तरेची वाट सांगताना कालिदासाचा यक्ष त्याला क्रौंच पर्वताच्या रंध्रातून जायला सांगतो. परशुरामाच्या बाणाने पडलेले ते छिद्र आणि त्याचे दुसरे नाव हंसद्वार. मानसरोवराला जाणारे हंस तिथून जातात. काही अभ्यासक ती खिंड उत्तराखंडातली नीती असावी असे म्हणतात.

यावरून कालिदासाला शरीरशास्त्र ठाऊक होते असे कुणी म्हणू नये. त्याचे हंस पावसाळ्याच्या तोंडावर निघतात, पट्टकादंब तर मार्च-एप्रिललाच इथून गेलेला असतो. पण हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या, त्या वाटेने मेंढरे आणि मीठ नेणाऱ्या माणसांनी हंस कुठून जातात हे पाहिले असणार आणि ते पाहणे कधीतरी एका नावात उतरले असणार, असा अंदाज करायला जागा आहे. त्या नावात शिखर नाही, दार आहे.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा भिगवणला गेलो. मामांच्या नावेत बसून त्यांना ९१ हंसांची, साडेपाच हजार मीटरची, रात्रीच्या थंड हवेची गोष्ट सांगितली. ते वल्हे मारत ऐकत होते. "म्हंजी खिंडीतनंच," ते म्हणाले आणि थोड्या वेळाने, "पर ती खिंडबी काय कमी उंच न्हाई म्हना."

कमी उंच नाहीच. साडेपाच हजार मीटरवर हवा निम्मी होते. तिथे मी बसल्या जागी धापा टाकीन. हा पक्षी तिथे रात्रभर पंख मारत, दरीत उतरत आणि पुन्हा चढत येतो. एव्हरेस्टचे वाक्य मी आता सांगत नाही. हे सांगायला जास्त वेळ लागतो, आणि काही पाहुणे मध्येच दुसरीकडे पाहू लागतात. पण जे शेवटपर्यंत ऐकतात, ते दुर्बीण बराच वेळ खाली ठेवत नाहीत.